प्रश्न क्रमांक चार

इंग्रजी मसुद्यातला तो एकच शब्द
मराठी करायला माझ्याकडे आला,
फोर्टात, मध्यवर्ती बँकेच्या पंधराव्या मजल्यावर,
जिथून गोदीतल्या क्रेन मोजता येतात
आणि खालच्या फुटपाथवरचा माणूस दिसत नाही.

मी लिहिलं: अपेक्षा.
‘पुढच्या तीन महिन्यांत
भाववाढीबाबत तुमची अपेक्षा काय?’
कोशात तसंच होतं.
साहेबांनी न वाचता सही केली.

प्रमिला खरटमल फॉर्म घेऊन निघाली,
डोंगरी, भांडुप, चेंबूर कॅम्प.
एका घराला अठरा मिनिटं,
चौकोनात टिक,
वाद घालायचा नाही, चहा घ्यायचा नाही.

पहिला गठ्ठा आला तेव्हा वाटलं
हे शहर भलतंच सुखात आहे.
दोन टक्के. शून्य. काही नाही. शून्य.
आलेखाची रेघ आडवी होऊन पहुडली
आणि मी खुशीत मेल पाठवला वरती.

मग एका फॉर्मच्या समासात
पेन्सिलीनं, बारीक, उतरत गेलेलं:
‘डोंगरी, दुसरा मजला. हलिमा परकार.
घरातच खाणावळ, बारा डबे.
म्हणतात, महागाईची अपेक्षा कोण ठेवतं बाई?
अपेक्षा ठेवते पोराच्या नोकरीची.
महागाईची घेते ती धास्ती.’
आणि खाली: ‘पुष्कळ जणी असंच म्हणतात.
चौकोन नाही म्हणून इथे लिहिलं.’

चौकोन नाही म्हणून.

मी दुसरा फॉर्म छापून घेतला.
‘धास्ती’ साहेबांनी खोडली,
‘हे खातं आहे, नाटक कंपनी नाही.’
‘अंदाज’ राहिला.
अर्ध्या घरांना जुना शब्द, अर्ध्यांना नवा.
त्याच गल्ल्या, तोच आठवडा,
त्याच दुकानातली तीच तूरडाळ.
फरक आला दीड टक्क्याचा.

दीड टक्का!
इतक्यासाठी इथले लोक
वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत.

तो समितीपुढे गेला
पान एकतीसवर, तळटीप म्हणून.
दार बंद होतं. आत कुणी वाचली का,
पाण्याचा ग्लास तिच्यावर ठेवला का,
मला ठाऊक नाही.
त्या खेपेला व्याजदर हलला नाही.
कदाचित हलणारच नव्हता.
मी मात्र संध्याकाळी हॉर्निमन सर्कलच्या कठड्यावर
उगाच शेंगदाणे खात बसलो,
पुडीला दहा रुपये,
मागच्या महिन्याएवढेच, पुडी तेवढी बारीक झालेली.

हलिमाबाईंच्या फॉर्मला मागची बाजूही होती.
ती मी उशिरा उलटली.
‘पतपेढीतले पैसे काढले.
का, तर शेजारणीनं काढले.
शेजारणीनं का, ते तिला माहीत नाही.’

नावावर पट्टी चिकटवून
कागद घेऊन मी एकोणिसाव्यावर गेलो,
जिथे वित्तीय स्थैर्याचा अहवाल होतो,
जिथे ताळेबंद येतात तिमाहीला एकदा,
इस्त्री केलेले.
वाघुळदे मॅडमनी त्या तीन ओळी
दोनदा वाचल्या.
चष्मा काढला, पुन्हा लावला.
‘कर्ज बुडालं तर आम्हाला कळतं,’ म्हणाल्या,
‘शेजारीण दिसत नाही.’
मग फक्त पिनकोड विचारला
आणि फोन उचलला.

त्या पतपेढीचं पुढे काय झालं
ते लिहायची मला परवानगी नाही.
शटर वर राहिलं, एवढं डोंगरीतल्या कुणालाही विचारा.

पुढच्या फेरीत प्रमिला पुन्हा त्याच जिन्यानं चढली.
अंदाज विचारला.
‘पाच टक्के,’ हलिमाबाई म्हणाल्या,
आणि ती टिक करणार तोच,
‘थांब. सहा लिही. ईद आहे.’

नव्या फॉर्ममध्ये चौथ्या प्रश्नाखाली
मी दोन रेघा रिकाम्या सोडल्यात.
छपाई विभागाचं पत्र आलंय,
कागद वाढतो, कारण कळवावे.
तीन दिवस झाले,
टेबलावर पडलंय.